सहज चढलेला फिल्टर : एका पिकअपचं प्रकरण

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाडीचं मॉडेल आणि नावं गाळली आहेत. मापं मात्र वहीत जशी टिपली होती तशीच दिली आहेत, कारण सगळी भानगड मापांचीच आहे.

पार्श्वभूमी

गाडी चार सिलिंडरची डिझेल पिकअप, आठ वर्षं जुनी, एकाच घरात वापरलेली. मालकांना इथे तात्या म्हणू. गाडी बहुतेक वेळ त्यांचा पुतण्या चालवतो. सकाळी माल भरायचा, धुळीच्या रस्त्यानं जायचं, उतरवायचा, परत यायचं. दिवसाला तीन-चार फेऱ्या, आणि जाताना गाडी कधी रिकामी नाही.

मी गाड्यांच्या देखभालीचं काम बघतो. या गाडीची मोठी कामं माझ्याकडे येतात. ऑइल बदलायचं काम ते दोघं घरीच करतात. नीटही करतात, हे आधीच सांगून टाकतो. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, बोल्टला प्रत्येक वेळी नवीन वायसर, फिल्टरच्या रिंगेला तेलाचं बोट, काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर वहीत. पुढे जे झालं ते आळसातून झालं नाही.

या इंजिनाला स्पिन-ऑन फिल्टर आहे. म्हणजे आट्यांवर फिरवून चढवायचा पत्र्याचा डबा. तोंडाकडून बघितलं तर मधोमध आट्यांचं भोक, त्याभोवती लहान भोकांचं कडं आणि सगळ्यात बाहेर रबराची रिंग. तेल लहान भोकांतून आत शिरतं, कागदाच्या चुण्यांतून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परत जातं. डबा धरून ठेवते ती इंजिनातून बाहेर आलेली आट्यांची पोकळ नळी. आम्ही तिला स्टड म्हणतो. मूळ फिल्टर चणीनं लहान: व्यास ७६ मिमी, उंची ८५ मिमी.

मोठा फिल्टर का हवा होता

तात्यांच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, तसल्याच ताकदीच्या दुसऱ्या एका पिकअपला त्यांनी चांगला मनगटाएवढा जाड, उंच फिल्टर बघितला होता. आपल्या गाडीला डबीएवढा का, हा प्रश्न त्यांना छळत होता. दुसरं म्हणजे गाडी कायम भरलेली असते, तर फिल्टरही तसाच दणकट हवा.

दोन्ही विचार चुकीचे नाहीत. फिल्टर लांब असला तर कागद जास्त बसतो. कागद जास्त म्हणजे तेलाला अडथळा कमी आणि घाण साठायला जागा जास्त. पुष्कळ इंजिनांना कंपनीच्याच यादीत एक आखूड आणि एक लांब असे दोन फिल्टर चालतातही. पण ‘तेलही जास्त मावतं’ हा जो तिसरा फायदा लोक सांगतात, तो हिशोबाला टिकत नाही. तात्यांनी आणलेला फिल्टर ८० मिमी व्यासाचा आणि ११५ मिमी उंच होता. डब्याचं बाहेरचं माप धरलं तरी आधीच्या फिल्टरपेक्षा फरक दोनशे मिलीच्या आतच राहतो. साडेसहा लिटरच्या चेंबरपुढे तो जेमतेम तीन टक्के.

आणि मोठा म्हणजे बारीक गाळणारा, असंही नसतं. किती बारीक गाळणार ते कागदाच्या जातीवर ठरतं. ते मोजायची आयएसओ ४५४८-१२ नावाची ठरलेली चाचणी आहे आणि तिचा निकाल बीटा नावाच्या आकड्यात सांगतात. २० मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे त्या मापाच्या आणि त्याहून मोठ्या ७५ कणांतला एकच सुटतो, ९८.७ टक्के अडकतात. डबा हातात घेऊन, वजन करून, वाजवून हा आकडा कळत नाही.

ऑइल बदलायच्या आदल्या दिवशी तात्यांचा मला फोन आला. “मोठा फिल्टर लावला तर चालतो ना?”

मी म्हणालो, “चालतो. जागा असली म्हणजे झालं.”

त्या वेळी मी एका गाडीखाली होतो. माझ्या डोळ्यांपुढे त्याच जातीचा लांब भाऊ होता, तात्यांच्या डोळ्यांपुढे त्या दुसऱ्या पिकअपचा फिल्टर. माझ्या मते या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय तो, आणि तो माझा.

काय घडलं

तात्यांनी फिल्टर घेताना जुना फिल्टर सोबत नेला होता. दोन्ही तोंडाला तोंड लावून बघितले. रबरी रिंगा एकसारख्या, बाहेरचा व्यास दोन्हींचा ६५ मिमीच्या आसपास. मधली भोकंही डोळ्यांना सारखीच. घरी येऊन पुतण्यानं फिल्टर स्टडवर ठेवला आणि फिरवला. त्याचे शब्द असे : “दादा, एका बोटानं चढला. जुना इतका गुळगुळीत कधीच चढला नव्हता.”

रिंग टेकल्यावर पाऊण फेरा आवळला. इंजिन चालू करून पाच मिनिटं खाली वाकून बघितलं. थेंब नाही. गाडी कामाला लागली.

साधारण तीन आठवड्यांनी डब्याच्या एका बाजूला तेलाची ओल दिसली, तिच्यावर धूळ बसलेली. पुतण्यानं पुसून काढली आणि फिल्टर हातानं आणखी थोडा आवळला. तो आवळताना कुठे ‘धरला’ असं त्याला वाटलं नाही. नुसता थोडा फिरला. हा दुसरा निर्णयाचा क्षण. आवळूनही घट्ट न होणारी वस्तू आणखी आवळायची नसते, ती सोडवून बघायची असते. पण फेरी उभी होती, तेलाची पातळी बरोबर होती, आणि थोडी ओल कुठल्या जुन्या इंजिनाला नसते?

चार दिवसांनी थंडीच्या पहाटे, रात्रीच माल भरून ठेवलेल्या गाडीला चावी मारली. थंड तेल जाड असतं, त्यामुळे चालू होताच दाब वर जातो. पुतण्यानं सवयीनं जरा रेस दिली. ‘फट्’ असा बसका आवाज झाला, खालून पिचकारी उडाल्यासारखं झालं आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला. त्यानं लगेच चावी बंद केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आठ-दहा सेकंद गेले असतील.

जमिनीवर काळं थारोळं, आणि फिल्टर स्टडवर एका बाजूला मान टाकून लोंबकळत होता. चेंबरमधलं जवळजवळ एकतृतीयांश तेल बाहेर होतं. पंप सुरू असताना मिनिटाला दहा-पंधरा लिटर तेल सहज ढकलतो, तेव्हा हे काही नवल नाही. त्या पोराचा हात चावीवर होता म्हणून इंजिन वाचलं. एरवी गाडी चालू ठेवून काच पुसायला उतरायची त्याची सवय.

डब्यात काय सापडलं

मी पोचलो तेव्हा तात्या म्हणाले, “फिल्टर बोगस निघाला.”

तसं नव्हतं. फिल्टर चांगलाच होता, फक्त दुसऱ्या आट्यांचा होता.

स्टड पुसून व्हर्नियर लावला : बाहेरचा व्यास १९ मिमी. म्हणजे ३/४–१६, इंची आटे. पाऊण इंच व्यास आणि दर इंचाला १६ आटे. फिल्टरच्या भोकाला व्हर्नियरचे वरचे बारीक जबडे आतून लावले : आट्यांच्या टोकाटोकांत १८.४ मिमी. ३/४–१६ च्या फिल्टरला हे माप साडेसतराच्या जवळपास यायला हवं. १८.४ हे एम २० × १.५ चं माप. २० मिमी व्यास, दर आट्याला दीड मिमी.

हे दोन्ही आटे ऑइल फिल्टरमध्ये सर्रास सापडतात. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांवर ३/४–१६ आहे, होंडाच्या बऱ्याच इंजिनांवर एम २०. त्यांच्या जोडीला एम २२ × १.५ आणि एम १८ × १.५ ही मापंही चालतात. पण एम २२ चा फिल्टर १९ मिमीच्या स्टडवर नुसता खाली घसरतो, चूक लगेच कळते. घात करते ती १९ आणि २० ची जोडी.

हिशोब असा. व्यासात फरक साधारण एक मिमी, दर आट्यात फरक ०.०९ मिमीच्याही आत. फिल्टरच्या पत्र्याच्या तोंडात सहा-सात आटे असतात. सहा आट्यांत ०.०९ चा फरक साचून अर्धा मिमी होतो. एरवी एवढ्या फरकानं आटे अडकले असते, फिल्टर जाम झाला असता आणि माणूस थांबला असता. पण व्यासातला तो एक मिमी आट्यांना उभी-आडवी इतकी ढिलाई देतो की अर्ध्या मिमीची चूक तिच्यात मुरून जाते. म्हणून तो ‘एका बोटानं’ चढला. गुळगुळीतपणा हाच पुरावा होता, आणि तिथे तो शाबासकीसारखा वाटला.

आता पकड बघा. एम २० च्या फिल्टरला एम २० चा स्टड मिळाला तर प्रत्येक बाजूला आटा साधारण ०.८ मिमी खोल धरतो. १९ च्या स्टडवर तो जेमतेम ०.३४ मिमी धरतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यातही सहाच्या सहा आट्यांवर भार सारखा येत नाही. अंतरं जुळत नसल्यामुळे एक-दोन आटेच सगळं ओझं उचलतात.

आणि ओझं किती? रिंगेच्या आतला व्यास ६० मिमी धरला तर क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरतं. थंड इंजिनात ५ बार दाब सहज असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ किलो. गुणाकार केला तर १४० किलो. दोन धडधाकट माणसं त्या डब्याला लटकल्यासारखं. गरम इंजिनात, आरामात चालताना हा दाब उतरतो, म्हणून तीन-साडेतीन आठवडे निभावलं. थंड पहाट आणि रेस एकत्र आल्या तेव्हा नाही निभावलं.

फिल्टरच्या भोकात बोट फिरवलं तर आट्यांच्या टोकांचा चुरा बोटाला लागत होता. स्टडचे आटे मात्र शाबूत, कारण तो कडक पोलादाचा असतो आणि फिल्टरचं तोंड मऊ पत्र्याचं. नशिबाचा भाग इतकाच.

उलट केलं असतं तर? एम २० च्या स्टडवर ३/४ चा फिल्टर पहिला आटासुद्धा घेत नाही. ती चूक होऊच शकत नाही. चूक एकाच दिशेनं होते, म्हणून ती इतकी फसवी आहे.

इंजिनाचं काय झालं ते आधी

तात्यांना फिल्टरची चर्चा नको होती. त्यांना एकच उत्तर हवं होतं : इंजिन गेलं का?

नवीन तेल भरलं, मूळ नंबरचा फिल्टर लावला, आणि चावी मारण्याआधी इंधन तोडून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवलं, लाल दिवा विझेपर्यंत. मग दाबाचा स्विच काढून त्याच्या जागी काट्याचा गेज बसवला. गरम झाल्यावर, शांत चालीत १.४ बार, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर साडेतीनच्या वर. मॅन्युअलमधल्या मर्यादेत दोन्ही बसले. खालून ठोका नाही, वरून टकटक नाही. तीनशे किलोमीटरनंतर तो फिल्टर काढून कापून बघायचं ठरलं. बेअरिंगला मार बसला असता तर त्याची चमकती पापुद्री कागदाच्या चुण्यांत सापडली असती. सापडली नाही.

फिल्टर कापताना करवत वापरू नका, हे जाता जाता सांगतो. करवतीचा लोखंडी चुरा आत पडतो आणि मग आपलंच पाप इंजिनाच्या नावावर चढतं. गोल फिरणारं कटर मिळतं, ते वापरावं.

पुढे कोणते पर्याय होते

एवढं होऊनही तात्यांचा हट्ट सुटला नव्हता. “आटे जुळणारा मोठा आणू. मोठा वाईट असतो असं तर तू म्हणत नाहीस ना?” म्हणत नव्हतो. म्हणून बसून सगळे पर्याय बघितले.

सगळ्यात सोपा म्हणजे मूळ नंबरचा लहान फिल्टर कायम ठेवणं. त्यात शोधायचं काही नाही, आणि तात्यांना म्हणूनच तो पसंत नव्हता.

दुसरा, मूळ आट्यांचाच लांब फिल्टर शोधणं. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक नंबरपुढे आटे, रिंगेचा आतला-बाहेरचा व्यास, उंची आणि बायपासचा दाब दिलेला असतो. या कोष्टकातून दोन उमेदवार निघाले.

पहिला उमेदवार आट्यांत बसला, रिंगेत बसला, मूळ फिल्टरपेक्षा ३० मिमी लांब. पण बायपासच्या रकान्यात रेघ. फिल्टरचा कागद घाणीनं तुंबला किंवा थंडीत तेल फार जाड असलं तर तेलाला दुसरी वाट देणारी एक स्प्रिंगची झडप असते, ती बायपास. न गाळलेलं तेल इंजिनाला मिळणं वाईट, पण तेलच न मिळणं त्याहून वाईट, म्हणून ही सोय. काही इंजिनांत ती झडप ब्लॉकमध्ये किंवा फिल्टरच्या बैठकीत असते. अशा इंजिनांचे फिल्टर झडपेशिवाय येतात. या इंजिनाच्या बैठकीत टॉर्च मारून बघितलं : झडप नाही. म्हणजे ती फिल्टरमध्येच हवी. हा उमेदवार चढला असता, गळला नसता, महिनोन्‌महिने चालला असता, आणि एखाद्या कडक थंडीत कागद फाटून किंवा तेल अडून घोटाळा केला असता. आट्यांची चूक निदान जमिनीवर थारोळं करून दाखवते. ही चूक दिसली नसती. त्यावर लगेच काट मारली.

झडप असली तरी ती किती दाबाला उघडते हेही जुळावं लागतं. बऱ्याच फिल्टरांत हा आकडा ०.६ ते १.५ बारच्या दरम्यान असतो, काही इंजिनांना त्याहून जास्तीचा लागतो. फार हलकी झडप जरा रेस दिली की उघडणार आणि तेल न गाळताच पुढे जाणार.

दुसरा उमेदवार सगळ्या रकान्यांत जुळला. आटे, रिंग, बायपास, आणि तेल परत न जाऊ देणारी रबरी झडपही. हा फिल्टर इंजिनाला आडवा-तिरका बसतो, त्यामुळे ही झडप नसेल तर गाडी बंद असताना डबा रिकामा होतो आणि सकाळी चावी मारल्यावर दोन-तीन सेकंद कोरडी खडखड ऐकू येते. उंची ११० मिमी, म्हणजे मूळ फिल्टरपेक्षा २५ मिमी जास्त.

तिसरा पर्याय माझ्या सहकाऱ्यानं मांडला : स्टडच बदलू, बाहेरच्या टोकाला एम २० असलेला बसवू. त्याचा युक्तिवाद मला आवडला. पुढे कुणी चुकून ३/४ चा फिल्टर आणला तर तो चढणारच नाही, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला जाणार नाही. पण मग गाडीच्या पुस्तकात एक नंबर आणि गाडीवर दुसरेच आटे. वाटेत कुठे फिल्टर बदलायची वेळ आली तर पुस्तकाप्रमाणे आणलेला नग हातात धरून पुतण्या बसणार. गाडीला तिच्या कागदांपासून तोडणारा बदल मी शक्यतो करत नाही. आम्ही यावर बराच वेळ वाद घातला, आणि त्याचं मत अजूनही बदललेलं नाही.

चौथा, वेगळा बारीक गाळणीचा किट, पाइप टाकून बाजूला बसवायचा. चार नवे जोड म्हणजे गळतीच्या चार नव्या जागा. नुकतं तेलाचं थारोळं पुसून उठलेल्या माणसापुढे हा पर्याय मी फार ताणला नाही.

केलेली कामं

दुसरा उमेदवार बसवून बघायचं ठरलं. डब्याच्या तळापासून खालच्या आडव्या पट्टीपर्यंत उभ्या गाडीत १४ मिमी अंतर राहत होतं. तात्या खूश. “बोट जातंय की!”

पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलली की ते एका अंगावर कलतं. मी मूर्तिकामाच्या मऊ मातीचा एक जाड गोळा पट्टीवर चिकटवला, वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला आणि पुतण्याला सांगितलं : गाडी भरून आण, चढावर दोन-तीनदा उचल, खड्ड्यातून जा, मग ये. परत आला तेव्हा गोळ्यावर डब्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ठसा होता. ठशाच्या जागी माती उरली होती ४ मिमी.

चार मिमी म्हणजे लागलेला नाही, हे खरं. पण ती आजची माउंटिंग. रबर आणखी बसलं, एखादा दगड त्या फटीत अडकला, तर पातळ पत्र्याच्या डब्याला भोक पडायला किती वेळ? “माउंटिंग नवीन टाकू,” तात्या म्हणाले. टाकली तरी तीही जुनी होणारच. हा फिल्टरही उतरवला.

आता खरं तर सुरुवातीला करायचं काम शेवटी केलं. मागच्या वेळी काढलेला जुना लहान फिल्टर कोपऱ्यात भंगारात पडलेला होता. तो कटरनं उघडला. दहा हजार किलोमीटर चाललेला डबा. चुण्या सरळ उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, दबलेल्या नाहीत. डांबरासारखा गाळ नाही. बायपासच्या झडपेच्या बैठकीवर कडक काजळी नाही, दाबली तर मोकळी हलत होती. कागद काळा होता, तो डिझेलच्या तेलानं होणारच. मी चुण्यांची पट्टी पूर्ण उलगडून जमिनीवर पसरली. तात्यांनी चष्मा लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“म्हणजे हा पुरत होता,” शेवटी म्हणाले.

पुरत होता. त्यांची काळजी मात्र खोटी नव्हती. भरलेली गाडी, धूळ आणि लहान फेऱ्या, मॅन्युअलच्या भाषेत हा जड वापर. त्याच्यासाठी मॅन्युअलमध्ये वेगळं कोष्टक असतं आणि या गाडीत त्यात ऑइल बदलायचं अंतर निम्मं, म्हणजे पाच हजार किलोमीटर दिलेलं होतं. ते पान दोघांपैकी कुणीच उघडलेलं नव्हतं. धुळीसाठी खरी चौकी एअर फिल्टरची. त्याच्या पाइपाचा एक क्लॅम्प ढिला निघाला. तेलाचा फिल्टर कितीही मोठा लावला असता तरी त्या फटीतून जाणाऱ्या धुळीला तो आधी अडवणार नव्हता.

फिल्टर बसवायची पद्धतही जरा बदलली. काढल्यावर जुनी रिंग फिल्टरबरोबर आली का ते बघायचं. बैठक कोरड्या फडक्यानं पुसायची. नवीन फिल्टर चढवताना रिंग टेकेपर्यंत किती फेरे लागले ते मोजायचं; या गाडीत साडेचार लागतात. टेकल्यावर पाऊण फेरा. एका फेऱ्यात फिल्टर १.५९ मिमी सरकतो, म्हणजे पाऊण फेऱ्यात रिंग साधारण १.२ मिमी दबते. तेवढं पुरतं. मग डब्यावर आणि बैठकीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ, म्हणजे डबा फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

बॉनेटच्या आत पुतण्यानं रंगानं लिहून ठेवलं : फिल्टरचा नंबर, ३/४–१६, साडेचार अधिक पाऊण.

निकाल

त्या पहाटेला आता दीड वर्ष झालं. लहान फिल्टर, पाच हजारांचं अंतर. गरम इंजिनाचा दाब दोनदा गेज लावून बघितला, पहिल्या दिवशी होता तिथेच आहे. पांढरी रेघ तुटलेली नाही. एक स्टार्टरची मोटार बदलावी लागली, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तो एम २० चा फिल्टर मी कापून ठेवला आहे. त्याचा दोष नव्हता. ज्या इंजिनासाठी केला होता त्याच्यावर तो वर्षभर नीट चालला असता.

काय वेगळं करता आलं असतं

फोनवर मी ‘चालतो’ म्हणण्याआधी ‘नंबर वाच’ म्हणायला हवं होतं. दुसरा प्रश्न, मोठा कशासाठी हवा? तो विचारला असता तर जुना फिल्टर कापून बघायचं काम त्या दिवशीच झालं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

तात्यांनी रिंगा जुळवल्या, हे अर्धं काम बरोबर होतं. भोकं डोळ्यांनी जुळवली, ते नाही. १९ आणि २० डोळ्यांना कळत नाहीत. व्हर्नियर नसेल तर सोपा उपाय आहे : ३/४–१६ चा एक स्टड, एखाद्या भंगार बैठकीतून काढलेला, हाताशी ठेवणं. नवीन फिल्टर त्यावर दोन आटे फिरवून बाजूला हलवून बघायचा. बरोबरचा फिल्टर किंचितच डुलतो, चुकीचा खुळखुळतो. आमच्याकडे असा एक स्टड आता खिळ्याला टांगलेला आहे.

आणि ती ओल. पुतण्यानं फिल्टर आवळण्याऐवजी सोडवला असता तर आट्यांचा चुरा त्याला दिसला असता. त्याला मी दोष देत नाही, फेरी उभी होती. पण मध्यंतरी त्याचा फोन आला, ऑइल बदलत असताना.

“दादा, या वेळी साडेचार नाही लागले. दोनच फेऱ्यांत टेकला.”

“जुनी रिंग कुठे आहे?”

थोडा वेळ पलीकडून नुसता खटपटीचा आवाज.

“वरच चिकटली आहे.”